कुठे मुरतंय

गवताचा गठ्ठा गुडघ्यापर्यंत येतो.
तिथे लोडर थरथरतो, उचकी लागल्यासारखा,
आणि पंप रडायला लागतो,
बारीक, दातांतून.

सारेमा बेटावर फेब्रुवारी. उणे नऊ.
मेंढ्या कुंपणाशी येऊन उभ्या,
चाळीस तोंडं, एकही मत नाही.

ट्रॅक्टर जपानहून आलेला, तिसऱ्या हातचा.
अर्धं आयुष्य तिकडच्या भातखाचरांत गेलेलं.
लिव्हरशेजारची अक्षरं
आमच्या बेटावर कुणालाच वाचता येत नाहीत.
वडिलांनी त्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: वर. खाली.
बाकीचं अंदाजाने.

हेल्दुर म्हणाला, सिलिंडरचे सील गेले.
मी म्हणाले, इंजिन बंद कर.
बकेट हवेत राहिली.
आम्ही कॉफी पिऊन आलो, तरी राहिली.
सिलिंडर निर्दोष सुटला.
(सील त्याने आधीच मागवले होते, एकसष्ट युरोंचे.
मी काही बोलले नाही.
बोलले नाही, हे त्याला ऐकू आलं.)

मग गेज लावला.
एकशे साठ बार हवेत; त्या पुस्तकातले
आकडे तेवढे आम्हाला कळतात.
काटा नव्वदवर आला आणि तिथेही ठरेना,
नव्वद, पंच्याऐंशी, नव्वद,
उलटतपासणीत साक्षीदार ठरत नाही तसा.
रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पाव फेरा आवळला:
काही नाही. होता तिथे परत आणला.
आवळत जायचा मोह मोठा असतो.
वडिलांनी एकदा तसंच केलं होतं,
होज फुटून तेलाची रेघ छतापर्यंत गेली.
अजून आहे.

तेल दुधाळ होतं.
कुठेतरी पाणी मुरतंय, हेल्दुर म्हणाला,
आणि माझ्याकडे बघून म्हणाला.
पानगळीत ट्रॅक्टरवर ताडपत्री घालायची पाळी माझी होती.

काकडीच्या लोणच्याची बरणी धुऊन
मी तीत तेल घेतलं, खिडकीत ठेवलं.
पाणी असेल तर दुधाळच राहील.
दोघं बरणीसमोर बसलो.
आईला पुरल्यापासून एका टेबलाशी
इतका वेळ पहिल्यांदाच.
त्याने राईचा पाव कापला. मीठ माझ्याकडे सरकवलं.
वीसेक मिनिटांनी, खालून वर,
तेल मधाच्या रंगाचं होत गेलं.
फेस वर चढला, फुटला, संपला.

पाणी नव्हतं. हवा होती.

म्हणजे अशी गळती, जिचा थेंबही पडत नाही.
आठवडाभर आम्ही ट्रॅक्टरखाली वाकून
कोरड्या पुठ्ठ्यावर डाग शोधत होतो.
जिथे रेटा आहे तिथून तेल बाहेर येतं.
जिथे ओढ आहे तिथून हवा आत जाते.

इंजिन चालू ठेवून सक्शनच्या पाइपवर
मी बोटाने ग्रीस थापत गेले, एकेका सांध्यावर.
पहिला: रडणं तसंच.
दुसरा: तसंच, आणि बोटांना कळेनासं झालेलं.
तिसऱ्यावर, पंपाच्या तोंडाशी,
ग्रीसमध्ये खळगा पडला, आत ओढला गेला,
आणि रडणं थांबलं.
"काय झालं?" हेल्दुर ओरडला.
एवढं ओरडायची गरज उरली नव्हती.

ओ-रिंग. चपटी, कडक, नखाने तुटली.
सत्तर सेंट. दुकान कुरेस्सारेला, चाळीस किलोमीटर.

गाडीची किल्ली घेऊन तो दारात थांबला.
"दोन आणू?"
आण, म्हणाले. एक वर असू दे.

तो गेल्यावर मी मेंढ्यांना काट्याने गवत टाकलं,
हात भरून आले.
सीलचं पाकीट त्याने फळीवर ठेवलं होतं,
न फोडता,
किंमत भिंतीकडे करून.